तारेखालचे झाड: मालक कोण, छाटायचे कोणी?

बांधावरच्या झाडाची फांदी वीजवाहिनीला लागते, तेव्हा शेतकरी कंपनीकडे बोट दाखवतो आणि वायरमन शेतकऱ्याकडे. कायदा नेमके काय सांगतो, जमीनमालकाचे काम कुठे संपते आणि महावितरणचे कुठे सुरू होते, याचा खुलासा.

मृग नक्षत्र तोंडावर आले की अहिल्यानगर जिल्ह्यात मोबाइलवर दोन संदेश हमखास येतात. एक पावसाच्या अंदाजाचा. दुसरा महावितरणचा: मान्सूनपूर्व देखभालीसाठी अमुक फीडरचा वीजपुरवठा अमुक वेळेत बंद राहील. पहिला संदेश आपण गटांवर पुढे पाठवतो, दुसऱ्यावर वैतागतो. खरे तर दुसरा जास्त कामाचा असतो, कारण वर्षभर तारेला घासणारी फांदी सुरक्षितपणे काढण्याची वेळ तीच असते.

नेमका याच दिवसांत गावोगावी एक जुना वाद वर येतो. बांधावरच्या कडुनिंबाची फांदी तारेला टेकलेली असते. शेतकरी म्हणतो, तार कंपनीची आहे, त्यांनी काढावी. वायरमन म्हणतो, झाड तुमचे आहे, तुम्ही काढा. शेजारच्या शेतकऱ्याचे म्हणणे असते की झाड बांधावर असल्याने निम्मे त्याचे आहे आणि त्याला ते तोडायचे नाही. चर्चा तिथेच थांबते, फांदी तशीच राहते. मग वळवाच्या एका वाऱ्यात अख्ख्या फीडरचा पुरवठा जातो, उसाच्या फडावर ठिणगी पडते, किंवा कोणीतरी कोयता घेऊन झाडावर चढतो.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. तारेखाली उंच झाड न लावणे, वाढलेली फांदी वेळेत कळवणे आणि छाटणीसाठी शेतात वाट देणे हे जमीनमालकाचे काम आहे. तारेजवळची फांदी प्रत्यक्ष काढणे हे वीज कंपनीचे काम आहे. ही रेघ पुसट राहिली की माणसे मरतात.

फांदी तारेला लागली की काय होते?

शेतातून जाणाऱ्या बहुतेक उच्चदाब वाहिन्या ११ केव्हीच्या, म्हणजे ११ हजार व्होल्टच्या असतात. घरातली वीज २३० व्होल्टची असते. हा फरक लक्षात घेतला की पुढचे सगळे समजते. लाकूड कोरडे असताना त्यातून वीज सहज वाहत नाही, पण हिरव्या फांदीत पाणी असते आणि पावसात साल भिजते. अशी फांदी तारेला टेकली की प्रवाह झाडातून जमिनीत उतरू लागतो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे हा प्रवाह अनेकदा इतका कमी असतो की उपकेंद्रातला ब्रेकर ट्रिपच होत नाही. गावात दिवे चालू असतात, मोटार चालू असते आणि झाडात मात्र करंट उतरलेला असतो. झाडाला बांधलेले जनावर, बुंध्याला टेकलेला माणूस किंवा त्याच झाडाला ठोकलेले काटेरी तारेचे कुंपण, सगळेच त्या करंटच्या वाटेत येतात. कुंपण तर तो करंट लांबवर घेऊन जाते.

दुसरा धोका आगीचा. वाऱ्यात फांदी तारेवर आपटली, किंवा फांदीच्या धक्क्याने दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या पडतात. खाली वाळलेले पाचट असेल तर पुढे काय होते हे प्रवरा आणि मुळा खोऱ्यातल्या ऊस उत्पादकाला सांगायची गरज नाही. जळालेला ऊस कारखान्याला घाईने घालावा लागतो, वजन घटते आणि वर्षभराच्या हिशेबाला भोक पडते.

तिसरे नुकसान सगळ्या गावाचे. एका शेतातल्या फांदीमुळे फीडर ट्रिप झाला तर त्यावरच्या सगळ्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, दूध संकलन केंद्रे आणि पाणीपुरवठा योजना बंद पडतात. एका माणसाच्या बांधावरचे झाड हा त्याचा खासगी विषय राहत नाही, तो इथे.

झाडाचा मालक कोण?

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम २५ नुसार भोगवट्याच्या जमिनीवर वाढलेल्या झाडांवरचा हक्क जमीनधारकाचा असतो. तुमच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीतले झाड तुमचे, त्यावरून तार गेली म्हणून ते महावितरणचे होत नाही. तारा, खांब आणि रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो ते, कंपनीचे.

बांध सामाईक असेल तर झाडही बहुधा सामाईक धरले जाते. अशा वेळी अर्जावर दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या तर नंतरचा निम्मा वाद मिटतो. रस्त्याच्या कडेची झाडे सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायतीच्या ताब्यातली असतात. ओढ्याकाठची किंवा गायरानातली झाडे कोणाची, हे तलाठ्याच्या दप्तरात पाहावे लागते. झाड कोणाचे आहे हे आधी ठरले पाहिजे, कारण परवानगी आणि भरपाई दोन्ही त्याच नावाभोवती फिरतात.

वीज कायदा काय म्हणतो?

विद्युत कायदा २००३ मधले कलम ६८ ओव्हरहेड वाहिन्यांविषयी आहे. त्याच्या पाचव्या पोटकलमानुसार वाहिनीजवळ उभे असलेले किंवा पडलेले झाड वीज वाहून नेण्यात अडथळा आणत असेल, किंवा आणण्याची शक्यता असेल, तर वीज कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. दंडाधिकारी ते झाड काढण्याचा किंवा योग्य तो उपाय करण्याचा आदेश देऊ शकतो. कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे आपल्याकडे व्यवहारात तहसीलदार. कायद्याने इथे 'झाड' या शब्दात झुडूप, कुंपणाची झाडोरी, रानवाढ आणि इतर वनस्पतीही धरल्या आहेत. त्यामुळे खांबावर चढलेली वेल किंवा बांधावरचा बांबू यातून सुटत नाही.

सहावे पोटकलम शेतकऱ्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचे. वाहिनी ओढण्याच्या आधीपासून झाड तिथे असेल, तर अर्ज निकाली काढताना दंडाधिकाऱ्याने झाडमालकाला वाजवी भरपाई ठरवून द्यायची असते आणि ती वीज कंपनीकडून वसूल करता येते. झाड वाहिनीनंतर लावले किंवा उगवले असेल तर हा हक्क मिळत नाही.

सगळा वाद म्हणूनच एका प्रश्नावर येऊन थांबतो: आधी झाड की आधी तार?

समजा, आजोबांनी लावलेली चिंच आहे आणि वाहिनी १९८० च्या सुमारास आली. चिंच काढावी लागली तर भरपाईचा दावा बनतो. त्याच वाहिनीखाली २०१९ मध्ये कोणी सुबाभळीची रांग लावली असेल, तर ती काढताना भरपाई मागता येणार नाही. आणि त्या सुबाभळीमुळे शेजाऱ्याचा ऊस पेटला, तर 'झाड तारेखाली तुम्हीच लावले' हा मुद्दा मालकाच्या अंगावर येऊ शकतो.

याच कायद्याच्या कलम १३९ मध्ये निष्काळजीपणे वीजपुरवठ्याच्या साहित्याचे नुकसान करणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. स्वतःच्या मनाने झाड पाडताना ते तारेवर पडले आणि खांब मोडला, तर प्रकरण या कलमापर्यंत जाऊ शकते.

आधी काय, हे सिद्ध कसे करायचे?

या जिल्ह्यात हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. राहुरी, श्रीरामपूर आणि आसपासच्या भागात सुमारे चार दशके वीज वितरणाचे काम मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्थेकडे होते. २०११ मध्ये तो भाग महावितरणकडे आला. बाकी जिल्ह्यात आधी राज्य वीज मंडळ होते आणि २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आले. वाहिनी नेमकी कोणत्या वर्षी ओढली याची नोंद त्यामुळे कोणत्या दप्तरात आहे, हे शोधण्यापासून सुरुवात करावी लागते. माहिती अधिकारात उपविभागीय कार्यालयाकडे वाहिनीच्या उभारणीचे वर्ष मागता येते.

झाडाच्या बाजूने पुरावा उभा करणे तुमच्या हातात आहे. जुन्या सातबाऱ्यावर काही ठिकाणी आंबा, चिंच अशा झाडांच्या नोंदी असतात. त्या नसतील तर निदान आजपासून नोंद करा. राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणी ॲपमध्ये बांधावरची झाडे नोंदवण्याची सोय आहे. पिकाची नोंद करताना आपण तो पर्याय सहसा ओलांडून पुढे जातो. पुढे एखादी नवी वाहिनी शेतातून जायची ठरली, तर ही नोंदच 'झाड आधीचे' हे सांगायला उपयोगी पडेल.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. भरपाई मागायची असेल तर झाड कापण्याआधी मागा. बुंधा, फांद्या आणि वरची तार एकाच चौकटीत येतील असे फोटो काढा, पंचनाम्याची मागणी लेखी द्या. तोंडी होकार देऊन झाड उतरवले की नंतर त्याची किंमत ठरवायला काही उरत नाही.

जमीनमालकाने काय करायचे?

पहिले, तारेखाली उंच वाढणारे झाड लावायचे नाही. निलगिरी, सुबाभूळ, बांबू, नारळ, सागवान ही झाडे वाहिनीच्या पट्ट्यात नकोतच. बागेभोवती वाराअडव म्हणून लावलेली शेवरी किंवा सुरूची रांग वाहिनीला आडवी जात असेल तर तेवढ्या भागात ती तोडून ठेवा. त्या पट्ट्यात डाळिंब, लिंबू, सीताफळ किंवा छाटणी करून बुटका ठेवलेला पेरू चालतो. राहाता, संगमनेर, श्रीगोंद्याच्या शेतकऱ्याला ही पिके नवी नाहीत.

पट्टा किती रुंद? वनजमिनीतून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्र सरकारने ठरवलेले माप अंदाज घ्यायला चांगले आहे. ११ केव्हीसाठी ७ मीटर, ३३ केव्हीसाठी १५ मीटर, १३२ केव्हीसाठी २७ मीटर आणि २२० केव्हीसाठी ३५ मीटर. तार आणि झाड यांच्यातले किमान अंतर ११ केव्हीला २.६ मीटर, ३३ केव्हीला २.८ मीटर, १३२ केव्हीला ४ मीटर आणि २२० केव्हीला ४.६ मीटर धरले आहे. ही मापे वनजमिनीची असली तरी वीज तीच असते. झाड आज किती उंच आहे हे न पाहता, पूर्ण वाढल्यावर वाऱ्यात किती झुकेल हे पाहून जागा निवडा.

दुसरे, फांदी तारेपासून हातभर लांब असतानाच कळवायचे. शेतात रोज जाणारा माणूस तुम्ही आहात. लाईनमनकडे अनेक गावे असतात, प्रत्येक बांधावरची फांदी त्याला दिसणार नाही. मालक पुण्याला आणि जमीन वाट्याने, अशी परिस्थिती आता गावोगावी आहे. तिथे कसणाऱ्याने कळवायचे आणि मालकाने ते मनावर घ्यायचे.

तिसरे, छाटणीसाठी आलेल्यांना वाट द्यायची. 'उभ्या पिकातून येऊ नका' ही तक्रार खोटी नसते. पण ती कामाच्या दिवशी, गटार-बांध ओलांडून माणसे आल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगून कुठून यायचे ते ठरवा. तेवढ्यासाठी घेतलेले परमिट परत गेले की पुढचा बंद कधी मिळेल हे सांगता येत नाही.

चौथे, मीटरच्या पुढची वायरिंग तुमची आहे. विहिरीवरच्या मोटारीची केबल बाभळीच्या फांदीला बांधून नेलेली शेते आपल्याकडे भरपूर आहेत. फांदी हलते, केबलचे आवरण घासते आणि एक दिवस झाडात करंट उतरतो. याला कंपनी जबाबदार नाही. केबल वेगळ्या खांबावर घ्या किंवा पाइपात घालून जमिनीखालून न्या.

आणि काय करायचे नाही?

तारेजवळची फांदी स्वतः तोडायची नाही. लांब बांबूला कोयता बांधून शेळ्यांसाठी पाला काढण्याची सवय वाहिनीखाली जीवघेणी ठरते. ओला बांबू, लोखंडी पाते आणि तुटलेली फांदी, तिन्हींतून करंट उतरू शकतो. 'डीपीवरचा फ्यूज काढला आहे' हा भरवसाही चुकीचा. डीपीवरचे फ्यूज काढले तरी वरची ११ केव्ही वाहिनी चालूच असते. पुरवठा बंद करणे, तो बंद आहे हे तपासणे, वाहिनी अर्थ करणे हे प्रशिक्षित कर्मचाऱ्याचे काम आहे.

मग कंपनीची जबाबदारी कुठे?

'झाडे वाढू देऊ नका' असे आवाहन काढले की कंपनीचे काम संपत नाही. जमिनीपासून तारेची उंची किती असावी, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत ठरलेले आहे. रस्ता सोडून इतर ठिकाणी ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेसाठी ती किमान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट आहे. तोडणीला आलेला ऊस साधारण १० ते १२ फुटांचा असतो. म्हणजे ऊस तारेला लागत असेल, तर बहुतेक वेळा ऊस वर गेलेला नसून तार खाली आलेली असते. झोळ पडलेली तार ओढणे, वाकलेला खांब सरळ करणे, मधे खांब घालणे ही कामे कंपनीची आहेत. त्यासाठी शेतकऱ्याने ऊस लावू नये असे कोणी म्हणू शकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाविरुद्धच्या एका खटल्यात हा मुद्दा स्पष्ट केला. पावसाच्या रात्री सायकलवरून घरी जाणारा एक कामगार रस्त्यावरच्या पाण्यात पडलेल्या तारेमुळे दगावला. दुसऱ्या कोणीतरी वीजचोरीसाठी तार ओढली होती, असा मंडळाचा बचाव होता. न्यायालयाने तो मानला नाही. वीज हा धोकादायक पदार्थ आहे, तो हाताळणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, असा निकाल दिला. तारेखालच्या झाडाचा वाद वाचताना हा निकाल लक्षात ठेवावा. 'झाड तुमचे होते' एवढे म्हणून वीज कंपनी प्रत्येक अपघातातून मोकळी होत नाही.

झाडांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतले आहे. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायो राज्यात उच्चदाब वाहिन्या खाली वाढलेल्या झाडांना लागून एकामागून एक बंद पडल्या. नियंत्रण कक्षातली इशारा देणारी संगणक यंत्रणाही तेव्हा चालत नव्हती. काही तासांत अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत मिळून सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. चौकशीत, वीज कंपनीने वाहिन्यांखालची झाडे आटोक्यात ठेवली नाहीत, हे मुख्य कारणांपैकी एक ठरले. नंतर तिथे मोठ्या वाहिन्यांखालची झाडे आवरणे कंपन्यांवर बंधनकारक झाले. जमीनमालकांना दोष देऊन तो प्रश्न तिथे मिटवला गेला नाही.

परवानगी कोणाची लागते?

फांदी छाटणे आणि झाड तोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम १९६४ लागू आहे. आंबा, चिंच, जांभूळ, साग, चंदन अशी त्याच्या अनुसूचीतली झाडे तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. झाड तुमच्या मालकीचे असले तरी ती लागते.

अहिल्यानगर महापालिका आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. तिथे झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेसुद्धा 'तोडणे' या व्याख्येत येते. म्हणून सावेडीतल्या बंगल्यासमोरच्या झाडाची फांदी तारेत गेली तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आणि महावितरणकडे, दोन्हीकडे अर्ज द्यावा. अकोले तालुक्यात वाहिनी वनजमिनीतून जाते तिथे वन विभागाचा शब्द अंतिम.

छाटणी म्हणजे कत्तल नको

हिवरे बाजारच्या कुऱ्हाडबंदीने या जिल्ह्याला देशभर ओळख दिली. पेमगिरीचा महावटवृक्ष पाहायला माणसे लांबून येतात. अशा जिल्ह्यात 'तारेखाली आले म्हणून बुडापासून कापले' हे उत्तर पटणारे नाही, आणि वाहिनीच्या दृष्टीनेही ते दर वेळी लागत नाही.

घाईच्या छाटणीत झाडाचा शेंडा सरसकट उडवला जातो. अशा झाडाला कापलेल्या जागी दाट फुटवे येतात, ते सरळ वर जातात आणि त्यांची पकड मूळ फांदीपेक्षा कमजोर असते. एक-दोन पावसाळ्यांत तीच अडचण पुन्हा उभी राहते. त्याऐवजी तारेच्या दिशेने जाणारी फांदी तिच्या उगमापाशी, खोडाला इजा न करता काढली आणि दुसऱ्या बाजूच्या फांद्या ठेवल्या, तर झाड तारेपासून लांब वाढते. कंत्राटदाराला हे काम शिकवणे आणि तपासणे कंपनीने करायला हवे. काढलेल्या फांद्या रस्त्यात किंवा उभ्या पिकात टाकून जाणे तर कुठल्याच नियमात बसत नाही.

खूप जुने, मोठे झाड असेल तर तारेचा मार्ग थोडा वळवणे, किंवा तेवढ्या भागात आवरण असलेली एरियल बंच केबल वापरणे हेही पर्याय आहेत. लघुदाब वाहिनीला ते सहज जमते.

अर्ज कसा करायचा?

महावितरणच्या शाखा कार्यालयातल्या सहायक किंवा कनिष्ठ अभियंत्याच्या नावाने साधा अर्ज लिहा. त्यात गाव, गट क्रमांक, ग्राहक क्रमांक, झाडाचा प्रकार, जवळच्या डीपीचे नाव किंवा खांबाची खूण आणि फोटो द्या. लांबून काढलेला फोटो पुरतो, फांदीजवळ जाऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

तातडी असेल तर १९१२, १९१२०, १८००-२१२-३४३५ किंवा १८००-२३३-३४३५ या टोल फ्री क्रमांकांवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. वायरमनला तोंडी सांगणे चांगलेच, पण त्याचा पुरावा राहत नाही. उद्या ऊस पेटला किंवा अपघात झाला तर 'आम्ही अमुक तारखेला कळवले होते' हे सांगणारा कागद हीच तुमची बाजू असते.

काम झालेच नाही तर उपविभागीय कार्यालय, त्यानंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि तिथेही समाधान झाले नाही तर विद्युत लोकपाल, असा रस्ता आहे. अपघात किंवा आग घडली असेल तर कंपनी, तलाठी आणि पोलीस या तिघांनाही लगेच कळवा. विद्युत निरीक्षकाचा अहवाल भरपाईसाठी महत्त्वाचा ठरतो, म्हणून पंचनामा होईपर्यंत तुटलेली तार, जळालेली फांदी जागेवरून हलवू देऊ नका.

तार तुटून पडली असेल तर?

ती बंद आहे असे कधीही धरून चालू नका. किमान १० मीटर लांब राहा, मुले आणि जनावरे दूर न्या, ओल्या जमिनीत किंवा तारेच्या कुंपणाजवळ जाऊ नका. फार जवळ असाल तर पाय जोडून, छोटी पावले सरकवत मागे या, पळू नका. काठीने तार बाजूला करायचा प्रयत्न नको. आधी १९१२, मग बाकीचे.

आता काय व्हायला हवे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तिथली झाडे तारांवर पडून काही गावांना आठवडेच्या आठवडे विजेविना काढावे लागले. वादळाचे उरलेले वारे त्याच रात्री आपल्या बाजूलाही आले होते. वादळ थांबवता येत नाही, पण कोणती फांदी कोणत्या तारेवर पडणार हे पुष्कळदा आधी दिसत असते.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात, असे आम्हाला वाटते. महावितरणने प्रत्येक फीडरवर कोणत्या गावात कोणत्या तारखेला छाटणी होणार, याची यादी मे महिन्याच्या सुरुवातीला ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मोबाइलवर द्यावी. नुसता 'पुरवठा बंद' असा संदेश आला की लोक वैतागतात. 'तुमच्या शिवारात छाटणी आहे' असा आला तर ते शेतात थांबतील.

ग्रामपंचायतीने एप्रिल-मेच्या ग्रामसभेत तारेला लागणाऱ्या झाडांची यादी करून ती ठरावासह शाखा कार्यालयात द्यावी. एकेकट्या शेतकऱ्याचा अर्ज टेबलावर पडून राहू शकतो, ग्रामसभेचा ठराव तसा बाजूला ठेवणे अवघड असते. यादीत झाड आधीचे की तार आधीची, हा एक रकाना ठेवला तर भरपाईचे वादही तिथेच सुटायला लागतील.

तुमच्यापुरते सांगायचे तर उद्या शेतात गेल्यावर एकदा वर पाहा. तार आणि सगळ्यात जवळची फांदी यांच्यात एका माणसाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर दिसत नसेल, तर फोटो काढा आणि अर्ज द्या. कोयता मात्र घरीच ठेवा.